हवा, तब्येत, गाडी

बदली होऊन गोंदियाला आलो तेव्हा खोलीसाठी मी आठवडाभर पायपीट केली. एकटा पुरुष म्हटलं की घरमालकांचे चेहरे बदलत. कुणाला माझी जात हवी होती, कुणाला माझी बायको. गोंदियाला लागूनच्या फुलचूरमधल्या या घरमालकांनी मात्र दारातच एवढंच विचारलं, "कोन्त्या खात्यात आहा?"

"लघु पाटबंधारे. तलाव, पावसाची नोंद, असलं काम."

"म्हन्जे पाऊस मोजता."

"हो."

"खरंच मोजता, का खुर्चीत बसून लिवता?"

मी सांगलीकडचा. आमच्याकडे पहिल्या भेटीत इतकं सरळ कुणी विचारत नाही. "मोजतो," मी जरा चिडूनच म्हणालो.

"मंग वरची खोली तुमची," ते म्हणाले आणि आत वळले. "आयकते का, चाय टाक. पाऊसवाले साहेब आले."

पुढची तीन वर्षं मी त्या गल्लीत पाऊसवाला साहेबच राहिलो. त्यांना अख्खं फुलचूर काकाजी म्हणायचं, म्हणून मीही काकाजी म्हणू लागलो. पावसाशी या माणसाचं एवढं काय अडलंय, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला कळलं. दार वाजलं म्हणून उघडलं तर काकाजी अंघोळ करून, भांग पाडून, हातात फोन घेऊन उभे. म्हणाले, "तुमाले ग्रुपात घेतलं. काल किती पानी पडलं ते टाका. मंग तब्येत टाका. मंग गाडी."

"कसली गाडी?"

"पाह्यली असंल ते. नसंल पाह्यली त नाई पाह्यली म्हना. खोटं नोका लिवू."

तो ग्रुप रेल्वेवेड्यांचा होता. अकरा माणसं, आणि त्यांतलं एकही रेल्वेत नोकरीला नव्हतं. वडशाचे निवृत्त गुरुजी होते. बालाघाटचे एक डॉक्टर होते, ते दातांचे. बाकीचे आमगाव, तिरोडा, नागभीड असे रुळांच्या कडेनं पसरलेले. काकाजी स्वतः उभी हयात राइस मिलमध्ये मिस्त्री होते. गोंदियात राइस मिलला तोटा नाही, आणि जिथे मशीन रुसलं तिथे त्यांना बोलावणं यायचं. ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे, "डावी बेरिंग गेली." खोलून पाहिलं की डावी बेरिंग गेलेली असायची. तोच कान त्यांनी इंजिनांना लावला होता. फुलचूरच्या गच्चीवरून रूळ दिसत नाहीत, पण काकाजींना दिसायची गरजच नव्हती. लांबून भोंगा आला की ते भाताचा घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "बल्लारशाची. आज डबे कमी हायेत."

ग्रुपवर रोज पावणेसात ते सात या वेळात हजेरी लागायची, आणि तिचा क्रम ठरलेला होता: हवा, तब्येत, गाडी. असा क्रम का, हे मी एकदा विचारलं. काकाजींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "हवा बराबर असंल त तब्येत बराबर राहाते. तब्येत बराबर असंल तवाच मानूस गाडी पाहाले जाते. तुमी कोन्त्या शाळेत शिकले जी?"

तब्येत रेल्वेच्या भाषेत लिहायची हाही दंडक होता. ठणठणीत असलात तर "राइट टाइम". बारीक कुरबुर असली तर अर्धा तास लेट. वडशाच्या गुरुजींची साखर कायम लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी असायची. तिरोड्याच्या एका सभ्य गृहस्थाचं पोट जवळपास रोजच आउटर सिग्नलवर थांबलेलं असायचं, आणि ज्या दिवशी सिग्नल मिळायचा त्या दिवशी नऊ जण अंगठा दाखवून त्याचं अभिनंदन करायचे. मी सुरुवातीला हे सगळं सांगलीला फोन करून मित्रांना ऐकवायचो आणि पोट धरून हसायचो. चार महिन्यांनी मला ताप आला तेव्हा बोटांनी आपोआप "दोन तास लेट, इंजिन गरम" असं लिहिलं, आणि आपण कामातून गेलो हे माझ्या लक्षात आलं.

काकाजी ऍडमिन होते. त्यांनी दोनच नियम केले होते, पण ते पाळायला लावताना सख्ख्या भावाला सोडलं नसतं. पहिला नियम: फुलं, देव आणि सुविचार बंद. गुरुजींनी एकदा दिवाळीला कमळातली लक्ष्मी पाठवली, तर त्यांना चोवीस तास ग्रुपबाहेर काढलं. त्याला काकाजी "यार्डात टाकनं" म्हणायचे. ऐन लक्ष्मीपूजनाला गुरुजी यार्डात होते. दुसरा नियम गाडीचा. डोळ्यानं पाहिली असेल तर पाहिली म्हणायचं, कानानं ऐकली असेल तर ऐकली म्हणायचं, दोन्ही नसेल तर गप्प बसायचं. न पाहिलेली गाडी पाहिली म्हणून टाकली तर कायमचं बाहेर. या नियमाखाली आजवर कुणी गेलं नव्हतं. माणसं बायकोशी खोटं बोलत असतील, साहेबाशी तर बोलतच असतील, पण ग्रुपवर गाडीच्या बाबतीत कुणाची जीभ रेटायची नाही.

काकाजींच्या प्रवासांबद्दल बोलायचं तर काकीजींपासून सुरुवात करावी लागेल. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या महादेवाला जायचं हा काकीजींचा वर्षानुवर्षांचा नेम. गाडीनं अर्जुनीला उतरायचं आणि तिथून पुढे जायचं. एका वर्षी नारळ, बेल, फराळाचा डबा असं सगळं घेऊन दोघं निघाली. अर्जुनी आलं. काकीजी पिशवी उचलून दाराशी गेल्या आणि मागे पाहतात तर काकाजी खिडकीला कान लावून डोळे मिटून बसलेले. "उतरा नं जी," काकीजी म्हणाल्या. "थांब," काकाजी म्हणाले, "आज लगित चांगलं वाजून राह्यलं." गाडी सुटली. दोघं वडशाला उतरली. तिथे फलाटावर गुरुजींनी चहा पाजला, इंजिनाबद्दल तासभर चर्चा झाली आणि परतीच्या गाडीनं दोघं सरळ गोंदियाला आली. नारळ तसाच पिशवीत. ही गोष्ट काकीजी मला दर पंधरा दिवसांनी सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "महादेव अजून वाट पाहून राह्यला बिचारा." काकाजी तेव्हा भिंतीकडे बघत सुपारी कातरत असायचे.

माणूस बोलायला फटकळ होता, पण मायेचा होता हे मी लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या मायेपायी घडलं. मला ताप आला तेव्हा चार दिवस त्यांनी माझं जेवण स्वतः जिना चढून आणलं. ताट खाली ठेवायचे, माझ्या पाठीला कान लावायचे आणि सांगायचे, "कफ सुटून राह्यला. दोन दिवसात मोकळे व्हाल." सांगितल्याप्रमाणे झालं, हे मला आजही पटत नाही. डॉक्टरकडे जाण्याचा त्यांना तिटकारा होता. "डाक्टर कान लावते, मी बी कान लावतो. तो कागद लिवते, मी लिवत नाई, येवढाच फरक." काकीजींच्या गुडघ्यापासून शेजारच्या मिक्सरपर्यंत सगळ्यांचं निदान घरच्या घरी चालायचं.

माझ्या तिसऱ्या वर्षातल्या हिवाळ्यात त्यांची एक नवी सवय माझ्या नजरेला आली. गच्चीवर येताना ते जिन्यात मध्येच थांबायचे. एक हात कठड्यावर, मान जरा कलती, डोळे अर्धे मिटलेले. मी वरून पाहिलं की दुसरा हात वर करून मला गप्प राहायला सांगायचे, म्हणजे गाडी ऐकणं चाललंय. मग सावकाश वर यायचे आणि "मालगाडी व्हती" असं काहीतरी म्हणायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घास हातात धरून थांबणारा माणूस जिन्यात थांबला तर नवल काय?

जानेवारीतल्या एका दुपारी ते तसेच थांबले, हात वर केला, आणि मीही सवयीनं कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. घड्याळ पाहिलं. त्या वेळेला कुठल्याच बाजूनं गाडी नसते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मालगाडीही नव्हती. लांब कुठेतरी एका मिलचा पट्टा तेवढा चालू होता. काकाजींच्या कपाळावर थंडीत घाम होता, आणि कठड्यावरच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. वर आल्यावर म्हणाले, "कोयशाची मालगाडी व्हती."

रेल्वेच्या बाबतीत त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. खाली जाऊन काकीजींना सांगितलं, तर त्यांनी पदरानं डोळे पुसले. "दिवाळीपासून हाय. झोपेत छातीवर हात ठेवून बसते. बोललं का अंगावर येते. मी म्हन्लं, दुसऱ्याच्या छातीले तुमचा कान लागते जी, आपल्या छातीले आपला कान कसा लागंल? त दोन दिवस बोलले नाई."

ग्रुपवर मात्र रोज सकाळी, काकाजींच्या नावापुढे, न चुकता: हवा थंड. तब्येत राइट टाइम.

मी बालाघाटच्या डॉक्टरांना फोन केला. ते दातांचे असले तरी आमच्यात वैद्यकाचे एवढेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाले, "भैया, ये दाढ का मामला नहीं है. नागपुर ले जाओ, जल्दी." नागपूरला काकाजींची लेक असते. तिनं हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. प्रश्न एवढाच उरला की काकाजींना न्यायचं कसं. लेकीनं फोन केला, काकाजी म्हणाले रेंज नाही. काकीजींनी जेवण सोडलं, तर काकाजींनीही सोडलं, आणि दुपारी त्या हरल्या. मी ऑफिसची जीप आणतो म्हणालो, तर म्हणाले, "मी जीपमध्ये बसून कोठं जात असतो का?" माणूस दिवसेंदिवस पिवळा पडत होता आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती हात चोळत उभे होतो. मला त्यांचा असा राग त्याआधी कधी आला नव्हता आणि अशी भीतीही वाटली नव्हती.

एकाच गोष्टीसाठी काकाजी नागपूरला आले असते, आणि ती मला ठाऊक होती. जुनं डिझेल इंजिन. आता सगळीकडे विजेची इंजिनं. ती काकाजींना आवडायची नाहीत. "मिक्सरवानी वाजते," म्हणायचे. जुन्या डिझेलचा विषय निघाला की मात्र या माणसाचा आवाज खाली यायचा. ते उभ्या उभ्या कसं धडधडतं, पायाखालची गिट्टी कशी हलते, हे ते छातीवर मुठीनं ठोका देऊन सांगायचे. चार वर्षांत त्यांना ते ऐकायला मिळालं नव्हतं.

ऑफिसच्या बैठकीसाठी मी नागपूरला गेलो होतो. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची होती. मी फलाटावर उभा राहून लिहिलं: हवा ढगाळ. तब्येत राइट टाइम. गाडी: जुनं डिझेल इंजिन नागपूरला यार्डाच्या तोंडाशी उभं आहे, उद्या दुपारी चालू होणार. डोळ्यानं पाहिलं.

काकाजींना एकट्याला सांगितलं असतं तर त्यांनी "ग्रुपवर टाका" म्हटलं असतं, म्हणून ग्रुपवर टाकलं. इथेच मी चुकलो. मिनिटभरात त्यांचं उत्तर आलं: "आवाज पाठवा." मी लिहिलं, बंद उभं आहे. मग बालाघाटच्या डॉक्टरांनी, आमचं आधीच ठरल्याप्रमाणे, पुष्टी जोडली: "कन्फर्म है." दातांच्या डॉक्टरांनी बालाघाटला बसून नागपूरचं इंजिन कन्फर्म कसं केलं, हे त्या आनंदात कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी मी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. काकीजींनी त्यांच्या हातात एक फुगलेली पिशवी दिली. "येवढी पिशवी कायले?" "पोरीसाठी पापड हायेत," काकीजी म्हणाल्या. आत दोन लुंग्या, टॉवेल, आधार कार्ड आणि जुने कागद होते. सोबत येता का, असं काकाजींनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी तुमच्यासंग गाडीत बसत नसते आता," आणि आत जाऊन रडल्या.

गोंदियाच्या स्टेशनावर जिना चढताना काकाजी दोनदा थांबले. "डबे पाहून राह्यलो," म्हणाले. गाडीत बसल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की मला समोर बघवेना. तिरोडा गेलं, तुमसर गेलं, भंडारा रोड गेलं. काकाजी मला त्या इंजिनाचा एकेक आवाज समजावून सांगत होते. चालू होताना कसं खोकतं, मग श्वास कसा लागतो, मग ठेका कसा धरतं. "साहेब," ते म्हणाले, "तुमी नसते त मले कोन सांगतलं असतं." मी खिडकीबाहेर पाहत होतो. बाहेर कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती, आणि त्यांतलं एकही मला आठवत नाही.

नागपूरला उतरलो आणि जागीच थांबलो. फलाटावर गुरुजी उभे होते, गळ्यात कॅमेरा, हातात डबा. त्यांच्या शेजारी तिरोड्याचे पोटवाले गृहस्थ. पलीकडे आमगाव, पलीकडे नागभीड. एकूण आठ जण. मी एका माणसाला फसवायला निघालो होतो, आणि रेल्वेवेड्यांचा ग्रुप कसा असतो हे विसरून अख्खा ग्रुप नागपूरला आणला होता. कुणी सुट्टी टाकली होती, कुणी साखरपुडा सोडला होता. गुरुजींना गाडीची वेळ जमली नाही म्हणून ते वडशाहून एसटीनं आले होते, पण हे त्यांनी पुढे वर्षभर नाकबूल केलं. या आठांखेरीज, कटात सामील असलेले बालाघाटचे डॉक्टर एका बाकावर तोंडाला रुमाल लावून बसले होते.

"कोठं हाय?" गुरुजींनी विचारलं.

मी यार्डाकडे बोट केलं. आठ जण आणि काकाजी फलाटाच्या टोकापर्यंत गेले. मग दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मग सगळे परत येऊन माझ्याभोवती उभे राहिले. काकाजींची लेक लांबून माझ्याकडे पाहत होती. डॉक्टरांची वेळ व्हायला चाळीस मिनिटं उरली होती.

"इंजिन नाही," मी म्हणालो. "नव्हतंच."

काकाजी म्हणाले, "डोळ्यानं पाह्यलं, असं लिवलं तुमी."

"हो. खोटं लिहिलं. काकाजी, इथे दवाखान्यात तुमची वेळ घेतली आहे. तुमच्या छातीसाठी."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, लेकीकडे एकदा पाहिलं, पिशवी उघडली, लुंगी पाहिली आणि पिशवी बंद केली. "परतीची गाडी तिकडच्या फलाटावर लागते," असं म्हणून ते पुलाकडे चालू लागले. आम्ही मागून. पुलाच्या अर्ध्या पायऱ्यांवर ते थांबले. हात कठड्यावर गेला, मान कलली, आणि दुसरा हात त्यांनी आम्हाला गप्प करायला वर केला. आठही जणांनी कान दिले. गाडी कुठलीच नव्हती, आणि हे ओळखायला ती आठ माणसं पुरेशी होती. काकाजी हळूच पायरीवर बसले.

गुरुजी त्यांच्या शेजारी बसले. डबा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "आमी आठ जन कामधंदा सोडून आलो जी. काई तरी पाहूनच जाऊ. इंजिन नाई त तुमची छाती पाहू."

काकाजी हसले की रडले ते मला नीट दिसलं नाही. पण ते उठले आणि खालच्या बाजूला वळले.

काकाजी आणि लेकीच्या मागून दवाखान्यात आम्ही दहा जण घुसलो. "पेशंटचे कोण?" असं नर्सबाईंनी विचारलं तर चौघे एकदम म्हणाले, "ग्रुपचे." छातीच्या आलेखाची पट्टी बाहेर आली तेव्हा तिच्यावर सगळे असे तुटून पडले की शिपायानं दार लावून घेतलं. अँजिओग्राफी झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवून सांगितलं की मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली आहे, आणि आणखी काही दिवस गेले असते तर त्यांना इथवर आणायची वेळच आली नसती. काकाजींनी पहिल्यांदा मान डोलवली. "मेन लाइन," ते म्हणाले. मग आत नेण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता दोन शब्द मायेचे येतील. ते म्हणाले, "माफ नाई केलं, ध्यानात ठेवा." रक्तवाहिनीत स्प्रिंग बसेपर्यंत गुरुजी बाहेर डबा उघडून बसले होते, पण कुणीच जेवलं नाही.

सहाव्या दिवशी काकाजी फुलचूरला परत आले. सातव्या दिवशी सकाळी पावणेसातला ग्रुपवर त्यांची हजेरी लागली आणि सात वाजता त्यांनी मला कायमचं काढून टाकलं. मला माहीत होतं, तरी लागलं. खरं सांगतो, फार लागलं. मी चहासुद्धा न घेता ऑफिसला गेलो आणि दिवसभर पावसाचे आकडे चुकवत बसलो. जीव वाचवल्याबद्दल कुणी आरती ओवाळावी असं नव्हतं, पण हाकलावं असंही नव्हतं.

संध्याकाळी आलो तेव्हा काकीजी ओसरीवर उभ्या राहून बोलत होत्या, आणि काकाजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकीजींचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "त्यानं एक दिवस खोटं लिवलं जी. तुमी दिवाळीपासून रोज लिवलं. राइट टाइम, राइट टाइम. मी बाजूले बसून पाहात व्हती. तुमाले काऊन नाई काढलं कोनी?"

काकाजींनी उशाशी ठेवलेला फोन हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा मला घाबराघुबरा फोन आला. काकाजींनी स्वतःला ग्रुपातून काढलं होतं. जाताना एक ओळ लिहिली होती: "तब्येत खोटी टाकली. नियम सगळ्यायले सारखा." ऍडमिनपद आपोआप गुरुजींच्या गळ्यात पडलं होतं, आणि कुणाला परत आत कसं घ्यायचं हे त्यांना येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिथे कमळं, गुलाब आणि सुविचार यांचा असा पूर आला म्हणतात की गाड्या शोधाव्या लागायच्या.

मी फोन ठेवला आणि खाली पाहिलं. काकाजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. डॉक्टरांनी महिनाभर जिना बंद केला होता. भांग पाडलेला होता. घड्याळात पावणेसात.

"या," ते म्हणाले. मी उतरून त्यांच्या शेजारी बसलो.

"हवा," काकाजी म्हणाले, "पूर्वेची हाय. दव लगित पडलं."

मग ते थांबले. हाताची बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली. तब्येतीचं काय लिहायचं ते त्यांच्या बोटांना ठाऊक होतं, तोंडानं सांगायची सवय नव्हती.

"राती दोनदा उठलो," ते म्हणाले. "दुखत नव्हतं. पन भेव वाटला. तुमच्या काकीजीले उठवलं नाई. तसाच बसून राह्यलो."

त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तसली सवय आमच्यात नव्हती.

"आज उठवा त्यांना," मी म्हणालो.

"उठवीन," काकाजी म्हणाले. "तुमची सांगा."

मी सांगितली. रात्रभर झोप लागली नव्हती, तेही सांगितलं. ते मान खाली घालून सगळं ऐकत होते.